चाळीची विहीर आणि तुरीची डाळ

गिरणीच्या भोंग्यावर अख्खे सोलापूर उठत आणि जेवत असे, त्या दिवसांतली ही हकीकत. १९२७ सालचा उन्हाळा होता. शुक्रवार पेठेतल्या आपल्या खोलीत पंचाक्षरीस्वामी वरण घोटत होते. वकिलांसाठी खाजगी चौकश्या करणे हा त्यांचा व्यवसाय, आणि एकट्यापुरता स्वयंपाक हा विरंगुळा. उंबऱ्यावर त्यांचा मित्र इमामसाब टांगेवाला बसला होता.

"स्वामी, चिंच कवाची भिजलीया. घाला की एकदाची. भूक लागली."

"डाळ मऊ होऊ दे आधी."

चिंचेचा कोळ पातेल्यात पडतो न पडतो तोच पितळी डबा घेऊन धोंडप्पा आत आला. तो गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता.

"स्वामी, माझी विहीर कुणीतरी नासवली."

"तुमची?"

"उद्या माझी व्हायची हाय."

गिरणीमागच्या सहा खोल्यांच्या चाळीत त्याने बारा वर्षे संसार केला होता. तीन वर्षांपूर्वी तो नळ असलेल्या घरात गेला. आता चाळीचे मालक विरुपाक्षशेठ ती विकत होते आणि धोंडप्पा घेणार होता. आयुष्यातली ही त्याची पहिली मिळकत.

"हात एक दिस थकणार की. सा खोल्यांचं भाडं आलं, तर म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडं बघाय नगं. जाणती माणसं म्हणाली, भिंती मागनं बघ, आदी पाणी बघ. ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाय, तितं भाडेकरू टिकत न्हाय. म्हणून तीन दिस त्या विहिरीची कळशी घरी आणली. तिन्ही दिस डाळ खड्यावानी. बारा वर्सं त्याच पाण्यात लोण्यावानी शिजायची."

"कळशी कोणी आणली?"

"मीच. वाटंत खाली टेकवली न्हाय."

"डाळ?"

"घरचीच. नळाच्या पाण्यात तीच बरी शिजती."

"शिजवली कोणी?"

"घरातल्यांनी. आणि कोण शिजवणार?"

त्याने डबा उघडला. पिवळी डाळ तळाशी अख्खीच्या अख्खी होती. इमामसाबने चार दाणे तोंडात टाकले आणि तोंड वाकडे केले.

"आंबली की ही. उन्हाळा हाय, कालची असंल."

"आज पहाटंची हाय," धोंडप्पा म्हणाला. "स्वामी, शेठ उद्यापतूर थांबणार. न्हाय घेतली तर चाळ हातची जाती. घेतली आणि पाणी नासलेलं निघालं, तर मी बुडालो."

स्वामींनी डब्याला झाकण लावले. "संध्याकाळी तुमच्या घरी येतो. घरातल्यांनाही बसायला सांगा."

विरुपाक्षशेठ आपल्या पेढीवर भेटले. "एक कापडवाला जास्त द्यायला तयार आहे," ते म्हणाले, "पण धोंडप्पाला शब्द दिलाय. उद्या सही झाली नाही, तर मी मोकळा."

टांग्यात बसताच इमामसाब म्हणाला, "ह्योच की. धोंडप्पा पळावा म्हणून यानंच नासवली."

"नासलेली विहीर कापडवाल्याने जास्त पैसे देऊन घेतली असती काय?"

इमामसाबने घोडा हाकला. मग तळ्याच्या काठी पखाल भरणारा पीरसाब भिस्ती भेटला.

"गिरणीमागच्या चाळीची विहीर नासली तर तुझा धंदा वाढंल, न्हाय का रं?" इमामसाबने विचारले.

"वाढला असता तर बैलाला पेंड घातली असती, चाचा. त्या चाळीत आजपतूर कुणी माझ्याकडनं एक घागर घेतली न्हाय."

चाळीच्या अंगणात कडुनिंबाखाली वाळत घातलेली लुगडी हलत होती. दुपारच्या पाळीची माणसे जेवून निघाली होती. सर्वांत जुनी भाडेकरू मायाक्का दारातच रवीने डाळ घोटत होती.

"मायाक्का, पाणी कुठलं?"

"हितलंच की. दुसरं कुटनं आणू?" तिने पळी वर उचलली. वरण एकसंध ओघळले. "धोंडप्पा भाडं वाढवणार हाय व्हय, स्वामी?"

"मला ठाऊक नाही."

"त्याची सुंदरी बरी हाय न्हवं? आठ दिसामागं आलती. आता मालकीण व्हायची म्हणून मी उठून पाट दिला, तर रडायलाच लागली येडी."

दोघे परत टांग्यात बसले.

"म्हातारीच असंल," इमामसाब म्हणाला. "भाडं वाढंल म्हणून भ्याली."

"तिचं वरण पाहिलंस ना?"

दिवेलागणीपूर्वी ते धोंडप्पाच्या घरी पोहोचले. त्याची बायको सुंदरम्मा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"विहिरीला काहीही झालेले नाही," स्वामी म्हणाले. "चाळीत कोणी पाणी विकत घेत नाही. मायाक्काचे वरण आज मी डोळ्यांनी पाहिले. कळशी तुम्ही स्वतः आणलीत, म्हणजे वाटेत बदल झाला नाही. डाळही चांगली आहे, नळाच्या पाण्यात ती शिजते. विहीर, वाट, डाळ तिन्ही निर्दोष. उरले फक्त पातेले."

"पातेलं?" धोंडप्पा म्हणाला.

"पहाटेची डाळ दहा वाजता आंबत नाही, इमामसाब. तू चाखलास तो चिंचेचा आंबटपणा. डाळ शिजण्याआधी चिंच पडली, की ती दिवसभर उकळली तरी फुटत नाही. हे चुलीपाशी बसणाऱ्याला कळते. आपण पुरुष घराची परीक्षा डाळीवर करतो आणि पातेल्यात डोकावत नाही." ते चौकटीकडे वळले. "अक्का, मायाक्काने पाट दिला, त्यानंतर हे सुचले ना?"

"सुंदरे?" धोंडप्पा म्हणाला.

ती पुढे आली. "तिनं माझ्या दोनी पोरांची नाळ कापली. ती मला उठून पाट देती. मला कसंतरीच झालं."

"म्हणून चाळ बुडवायची?"

"मागल्या संपात शेटच्या माणसानं तिची भांडी अंगणात फेकली. आठवतंय? तुमी आणि मी यचून आत नेली. तुमी त्याला काय काय बोललासा. पुढच्या संपाला कोण फेकणार? तुमीच की."

"मी न्हाय फेकणार."

"भाडं थकल्यावर सांगा."

धोंडप्पाने मान खाली घातली. तो म्हणाला, "तोंडानं सांगितलं असतं तर?"

"तुमी ऐकलं असतं?"

इमामसाब उगाच घोडा पाहायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर, दस्त लिहिणाऱ्याच्या बैठकीपाशी, विरुपाक्षशेठ थांबले होते. धोंडप्पा आला, मागोमाग डोक्यावर पदर घेऊन सुंदरम्मा. स्वामी साक्षीदार म्हणून आले होते.

"घेणाराचं नाव?"

"माझं आणि हिचं, दोगांचंबी लिवा."

लिहिणाऱ्याने टाक थांबवला. "बाईचं कशाला?"

"कुणाची भांडी बाहीर काढायची पाळी आली, तर हिच्या अंगठ्याबिगर निगता कामा न्हाईत."

विरुपाक्षशेठ हसले. "मग भाडं वसूल झालं तुझं, धोंडप्पा."

"थोडं बुडंल," धोंडप्पा म्हणाला. "लिवा."

लिहिणाऱ्याने नाव लिहिले आणि शाईची गादी पुढे सरकवली. सुंदरम्माने नवऱ्याकडे एकदा पाहिले, पदराला हात पुसला आणि अंगठा पुढे केला.