पेंग्विनचं डोकं

चिठ्ठ्यांच्या एकाच खणाला दोघांचे हात लागले, तेव्हा टॅमझिन पेलो इतकी दमलेली होती की साधं 'माफ करा' म्हणणंही तिला सुचलं नाही.

"आधी तुम्ही," तो हसला. "मी ह्यू. दर मंगळवारी येतो, वेल्श शब्द तपासायला."

झालं! त्याला आता सात मंगळवार उलटले होते. ऑक्सफर्डमधल्या त्या छोट्याशा शब्दकोशाच्या कचेरीत रीतच अशी, की शब्दाचं मूळ एकानं लिहायचं आणि शंका दुसऱ्यानं काढायच्या. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय त्या शब्दाची चिठ्ठी छापखान्यात जात नसे. 'पेंग्विन'ची चिठ्ठी ह्यूच्या सहीवाचून अडली होती. टॅमझिनचे डोळे चुरचुरत, मान आखडे... आणि आज पाच वाजता चिठ्ठी गेली नाही तर शब्दच तिच्याकडून काढून घेणार होते.

"पेन म्हणजे डोकं, ग्विन म्हणजे पांढरं," ह्यूचं पालुपद सुरू झालं. "आमच्याच वेल्श खलाशांनी ठेवलेलं नाव!"

"अहो, पेंग्विनचं डोकं काळं असतं!"

"त्यांनी आधी उत्तरेतला दुसराच पक्षी पाहिला होता. त्याच्या कपाळावर पांढरा ठिपका—"

"ठिपका म्हणजे काय अख्खं डोकं? उद्या माझ्या नाकाला शाई लागली, तर मला निळी बाई म्हणाल!"

"लागलीच आहे," तो हळूच म्हणाला.

तिनं नाक पुसलं. गाल मात्र लालच राहिले.

"लॅटिनमध्ये 'पिंग्विस' म्हणजे लठ्ठ. तेही जुळतं. ह्यू, मी थकले हो... तुम्हाला बरं वाटावं म्हणून 'वेल्श' लिहायला निघाले होते काल. पण खोटं नाही लिहवत. 'मूळ अनिश्चित', एवढंच खरं. रागवा हवं तर... येणं सोडा."

शेवटचे दोन शब्द ती चिठ्ठीकडे बघतच म्हणाली.

ह्यूनं चिठ्ठी ओढली आणि झरकन सही ठोकली.

"इतकं सहज? मग सात आठवडे...?"

"दुसऱ्याच मंगळवारी पटलं होतं मला." त्याचे कान लालबुंद झाले. "माझे वेल्श शब्द केव्हाच संपलेत. शंका मिटली असती, तर इथे मला कुणी बोलावलं असतं, टॅमझिन?"

सात आठवड्यांची झोप! खरं तर तिला संताप यायला हवा होता... पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. तिनं सरळ त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"दुष्ट आहात. आता हलू नका बरं."

छापखान्याचा माणूस आला, चिठ्ठी उचलून, दोनदा खाकरून निघून गेला.

ह्यू हलला नाही.