ऐरणीवर दोनदा

बिघडवलं म्हणे! लोहारानं पोराला बिघडवलं! चुलता चौकात उभा राहून सांगतो अन् तुम्ही माना डोलावता. आत्ता समोर असता तर तोंडच फोडलं असतं त्याचं. बसा खाली. आधी ऐका, मग सांगा कोणी कोणाला बिघडवलं.

बाप मेल्यापासून ते पोरगं चुलत्याच्या घरी राबायचं, अन् पेटलेलंच होतं. सोळाव्या वर्षी मास्तरच्या गाडीच्या काचा फोडल्या, शाळेनं हाकललं. गाव त्याला 'भडका' म्हणायचं. एक दिवस म्हाताऱ्या लोहारानं हाक मारली, "एवढी ताकद काचांवर घालवतोस होय रे? ये इकडं, लोखंडावर काढ." अन् हातात घण दिला.

लोहाराचं काम बघितलंय का कोणी? म्हातारा छोट्या हातोडीनं लोखंडावर जागा दाखवणार, पोरानं घण तिथंच घालायचा. बोलायचं नाही. अन् हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर दोनदा वाजली, टण टण, की थांबायचं. घण डोक्यावर असला तरी हात तिथंच आवरायचा. म्हातारा म्हणायचा, "लाथ काय, गाढवही मारतं. मला थांबणारा पाहिजे." वर्षभरात पोरगं माणसात आलं. दोघं एकाच डब्यात जेवायचे, एकमेकांना शिव्या देत.

लोहाराच्या दुकानाची जागा चुलत्याची, त्याच्या घरासमोरच. फुकटात राबणारा गडी हातचा गेला, म्हणून त्यानं म्हाताऱ्याला बाहेर काढून टाळं ठोकलं. म्हातारा पंधरवड्यात गेला. जाताना माझ्यासमोर बोलला, "ऐरण पोराची." चुलता मला म्हणतो, तू कोण सांगणारा?

तर काल, मंगळवारी. शेवटची गाडी गेलेली, दहाचा सुमार, लाइट नाही. चुलत्यानं पोराला डासांची अगरबत्ती आणायला धाडलं. साधं काम. दुकानदार पुडा देता देता बोलून गेला, "गुरुवारी सकाळी भंगारवाला येतोय रे, तुमची ऐरण न्यायला. तुझ्या काकानं ठरवलंय."

पोरगं पुडा घेऊन निघालं. घरी आलं. चुलता अंगणात खाटेवर घोरत होता. पोरानं अगरबत्ती पेटवली, खाटेखाली ठेवली. मग सरपणामागं दडवलेला घण काढला. हे मला त्यानंच सांगितलं. लपवलं नाही काही.

उशाशी उभा राहिला. घण वर गेला. डोक्याच्याही वर. गल्लीत कुत्रं नाही... चुलता घोरतोय... पोरानं श्वास धरला...

टण. टण.

काय म्हणालास? वारा असेल? वाऱ्याला हातोडी धरता येते का रे, शहाण्या?

समोरून आला आवाज. दुकानातून. टाळं लावलेल्या.

हात तिथंच राहिला. घण वर. खाली येईना. पोरगं रडतंय... आवाज नाही... अन् चुलत्याचे डोळे उघडले.

बोंब मारली त्यानं. माणसं धावली. पोराला असं तुडवलं की उजवा हात मोडला. घण खाली का आला नाही, एकानंही विचारलं नाही. तुमच्यातले पण होते ना त्यात? खाली काय बघता?

मी विचारलं. अन् पहाटे जाऊन टाळं तोडलं. टाळ्यावर कोळ्याचं जाळं, सबंध. आत भट्टी गार. राखेत मांजर व्यालेली, पिल्लं झोपलेली. माणूस नाही... काही नाही... मी ऐरणीवर हात टेकला.

हा बघा तळवा. तो कंदील आणा जवळ. दिसला फोड?

पोरगं माझ्या घरात पडलंय. भंगारवाला उद्या सकाळी येतोय, अन् चार माणसांशिवाय ऐरण हलत नाही. उठा. आत्ताच्या आत्ता उठा, अन् ती माझ्या घरी आणून ठेवा.