हिरवी वायर

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा आजार नुसता वास घेऊन सांगणारा माणूस या शहरात एकच, आणि तो मी. म्हणजे दुसरा एक होता, माझ्यापेक्षा हुशार होता, पण तो वारला, त्यामुळे माझा पहिला नंबर आपोआप लागला. वासाचंही खरं सांगायचं तर राळेचा आणि मेणाचा धूर ओढून ओढून माझं नाक कधीच कामातून गेलंय. पण गिटार नाकाशी धरून "अरेरे, हिचं पोट बिघडलंय" म्हटलं, की समोरचा घाबरतो, आणि घाबरलेला माणूस काम चालू असताना मधे मधे बोलत नाही.

मला सगळे मामा म्हणतात. नात्यानं मी कुणाचाच मामा नाही. आयुष्यभर लोकांना मामा बनवत आलो, शेवटी ते नाव मलाच चिकटलं. शाळेत सातवीपर्यंत गेलो. त्यातली दोन वर्षं एकाच वर्गात काढली, कारण मास्तरांना माझ्याशिवाय करमायचं नाही. तेव्हा लिहिण्यात चुका निघाल्या तर त्या मास्तरांच्या.

माझं दुकान एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या खाली, तळघरात आहे. खिडकी नाही. बाहेर भर दुपार असो की तिन्हीसांजा, खाली सारखाच ट्यूबलाइट, सारखीच ओल, आणि भिंतीवर वीस मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ. ते मुद्दाम तसं ठेवलंय. कंटाळवाणी माणसं वेळेआधी उठतात.

ती आली तेव्हा त्या घड्याळात दोन वाजले होते. चाळिशीची, शांत चेहऱ्याची बाई, खांद्याला गिटारची लांब काळी पेटी. काय काम करता, असं मी विचारलं. कानाच्या दवाखान्यात आहे, म्हणाली. माणसाला बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, एकाहून एक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. मी म्हटलं, मग आमच्या हिला पाठवतो, तिला माझं सोडून बाकी सगळ्यांचं ऐकू येतं. ती हसली नाही. मी समजलो, आवाज फार बारीक होता, बटण दाबलं गेलं नाही.

तिनं पेटी उघडली आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं. तपकिरी-लाल अंग, खालच्या कोपऱ्यात घेवड्याच्या दाण्याएवढा रंग उडालेला. मी ती गिटार ओळखली. ओळख दाखवली मात्र नाही.

धाकट्या भावाची आहे, ती सांगू लागली. अकरा वर्षं झाली. हॉलमध्ये कार्यक्रम होता, ती दुसऱ्या रांगेत बसलेली. तो वाजवत वाजवत पुढे आला, माईकला ओठ लावले, आणि त्याच क्षणी सगळा आवाज गेला. दिवेही गेले, फक्त दारावरचा एक हिरवा दिवा राहिला. त्या उजेडात तिनं पाहिलं, त्याचे ओठ हलत होते. काहीतरी बोलला. मग खाली कोसळला. शॉक. पेपरात चार ओळी आल्या, हॉलचं वायरिंग जुनं होतं म्हणून. त्या चार ओळी मला पाठ आहेत, पण हेही मी तिला सांगितलं नाही.

"मला वाटतं, तो 'ताई' म्हणाला," ती म्हणाली. "पण ऐकू आलं नाही. रोज दुसऱ्यांचे कान तपासते, आणि तेवढं एकच मला ऐकू आलं नाही."

तिला एवढंच हवं होतं, की गिटार त्या संध्याकाळी वाजत होती तशी एकदा वाजावी. तो आवाज पुन्हा कानात आला, तर कदाचित पुढचा शब्दही आठवेल. मग ती पेटी बंद करून माळ्यावर ठेवणार होती. मी म्हटलं, बसा. स्टुलाचा एक पाय आखूड आहे, पण ते मी फक्त शहाण्या माणसांना देतो. ती बसली, तोल सावरला, तरीही हसली नाही.

गिटारचा सगळा आवाज पिकअपमध्ये असतो. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चपटी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, आणि वेढे हलू नयेत म्हणून वर ओतलेलं मेण. मेण वाळून सुटलं, की ती डबी माणसाचा आवाजसुद्धा पकडायला लागते, माईकसारखी. हिच्यात दोन डब्या होत्या, एक मानेजवळ, एक ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली टेकतात त्या पट्टीजवळ. मी मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. दोन्हींची तार आतून तुटलेली. मेलेल्या.

तरी मी गिटारची वायर दुकानातल्या अ‍ॅम्पला, आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, जोडली. सवय, दुसरं काय. आणि माझी आणखी एक वाईट सवय आहे. जुनी गिटार आली, की मी तिच्यावर वाकून नाक चिमटीत धरून म्हणतो, "मी आत अडकलोय हो, मला बाहेर काढा." सुटलेल्या मेणातून ते अ‍ॅम्पपर्यंत पोचतं, आणि गिऱ्हाईक दोन दोन पायऱ्या चढून पळतं. माझी जीभ माझ्या आधी उठते. मी वाकलो आणि म्हणून बसलो. म्हटल्यावर लक्षात आलं, कुणाच्या बहिणीसमोर काय बोललो ते.

अ‍ॅम्पातून माझा आवाज आला नाही. येणार कसा, तार तुटलेली.

पण श्वास आला. एकच. कुणीतरी बोलण्याआधी घेतो तसा, आत ओढलेला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या उजव्या हाताचा अंगठा टेबलावर दाबलेला होता, नख पांढरं पडेपर्यंत.

अ‍ॅम्प जुना झालाय, मी म्हटलं, दम्याचा आहे, माझ्याच वयाचा. आणि घाईघाईनं जुने पिकअप काढून बाजूला ठेवले.

कपाटात माझ्याकडे बदलीच्या दोन जोड्या होत्या. पहिली तारेच्या एकाच गुंडाळीची, जुन्या पद्धतीची. आवाज स्वच्छ, काचेच्या पेल्यावर चमचा मारावा तसा, पण एक खोड, सतत बारीक घूं करत राहते. मी ती बसवली, तारा चढवल्या, वाजवली. तिनं डोळे मिटून ऐकलं. बराच जवळ आहे, म्हणाली, पण त्या दिवशी हे घूं नव्हतं.

नव्हतंच. कारण ते मी घालवलं होतं.

आता तुम्हाला सांगतो, तिला सांगायच्या आधी. तेव्हा तिचा तो भाऊ गिटार आणि अ‍ॅम्प घेऊन दुकानात आला होता. मामा, अ‍ॅम्प फार घूं करतो, परवा कार्यक्रम आहे. खरा उपाय होता पिकअप बदलायचा, दोन गुंडाळ्यांचा, बिनआवाजाचा. त्याला दोन दिवस लागले असते. मी अ‍ॅम्पचा प्लग उघडला आणि आतली हिरवी वायर कापली. अर्थिंगची, भरकटलेली वीज माणसाच्या अंगात न जाता जमिनीत नेणारी. घूं बंद. आमच्या धंद्यात तेव्हा हे सगळेच करायचे, कुणी सांगायचं नाही एवढंच. तो खूश होऊन गेला. आणि कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी परत आला. मामा, तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात.

प्लग पुन्हा उघडायला पाच मिनिटं लागली असती. माझा चहा निवत होता. मी म्हटलं, बाळा, मुंग्या आल्या म्हणजे गिटार तुला चाचपून बघतेय. तिनं पूर्ण ओळखलं, की थांबतील बघ. त्याला ते इतकं आवडलं, की दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. पायऱ्या चढताना स्वतःशीच हसत होता.

हे सगळं माझ्या डोक्यात चाललेलं, हात तारांवरून उचललेला, आणि त्या घूंमध्ये खालून काहीतरी वर येत होतं. पाण्याखालून बुडबुडा येतो तसं.

"मामा…"

तिचा अंगठा टेबलावर दाबला गेला. तिनं डोळे उघडले नाहीत. पण तिचा चेहरा… मी कितीतरी जणांची फजिती केलीय, तोंडं उतरलेली बघून पोटभर हसलोय. असा उतरलेला चेहरा नव्हता पाहिला. अकरा वर्षं ती एका शब्दाची वाट बघत होती आणि हा दुसराच निघाला.

"कुणाला हाक मारतोय तो?" तिनं हळूच विचारलं.

मी म्हटलं, ताई, इथे येणारा प्रत्येक जण मामाच म्हणतो, भिंतींनाही सवय लागली असेल. त्या खोलीत माझा विनोद तेवढा खोटा वाटला. मला स्वतःलाही.

बदलू या, मी म्हटलं. हे जुन्या गुंडाळीचे खेळ आहेत, बाहेरचा रेडिओ पकडतात. दुसरी जोडी दोन गुंडाळ्यांची होती. दोन्हींचे वेढे उलटसुलट, त्यामुळे एकीचं घूं दुसरी खाते. वर मी स्वतः गरम मेणात बुडवून पक्की केलेली. तिच्यासमोर तुम्ही बोंब ठोका, तिला ऐकू जाणार नाही. बसवून डाग देताना चिमटा दोनदा सुटला. ती माझ्या बोटांकडे बघत होती. तारा मी या वेळी चढवल्याच नाहीत. म्हटलं, वाजायलाच काही ठेवू नये.

अ‍ॅम्प चालू केला. लाल दिवा लागला. घूं नाही, खरखर नाही. बर्फासारखी शांतता. ट्यूबलाइटची टिकटिक तेवढी.

"हीच," ती म्हणाली. "अशीच शांतता होती."

आणि त्या शांततेत तो बोलला. कुजबुज नाही, अडखळणं नाही. दुकानाच्या दारात उभा राहून बोलायचा तसा, उत्साहानं.

"मामा… मुंग्या थांबल्या. तिनं ओळखलं ना मला?"

मी गिटारची वायर उपटली. दिवा चालूच होता, अ‍ॅम्प चालूच होता, गिटार आणि अ‍ॅम्प यांच्यामध्ये आता काही नव्हतं.

"ओळखलं ना, मामा?"

मी भिंतीतला प्लग उपटला. लाल दिवा हळूहळू मंद होत विझला. नवा प्लग, तीन पिनांचा, हिरवी वायर घट्ट आवळलेली, मीच आवळलेली. तो माझ्या मुठीत होता. आणि विझलेल्या अ‍ॅम्पातून पुन्हा तोच श्वास आला, आत ओढलेला, पुढचं विचारण्याआधीचा.

तिनं अंगठा टेबलावरून उचलला आणि दुसऱ्या हातात धरून ठेवला.

"कसल्या मुंग्या?" ती म्हणाली.

मी सांगितलं. प्लगचं, हिरव्या वायरचं, चहाचं, पाच मिनिटांचं. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली, आणि ती इतकी छोटी निघाली की मलाच लाज वाटली. मस्करी केली होती हो, एवढं शेवटी म्हणालो. माझ्या वयाच्या माणसानं हा शब्द इतक्या बारीक आवाजात कधी म्हटला नसेल.

ती मान तिरपी करून बसली, दवाखान्यात बसत असेल तशी. मी विचारलं, ताई, काय ऐकताय? ती म्हणाली, तो अजून बोलतोय, तुम्हाला येत नाही का ऐकू? आणि मी, ज्याला चार खोल्यांपलीकडे बेसूर तार कळते, त्या मला आता काहीच ऐकू येत नव्हतं. एक शब्द नाही. फक्त तिचे डोळे अ‍ॅम्पवरून गिटारवर, गिटारवरून माझ्यावर फिरत होते, दोन माणसं बोलत असताना तिसरा बघतो तसे.

मग ती उठली. रिकाम्या पेटीचं झाकण लावलं, खिट्ट्या दाबल्या, पेटी खांद्याला अडकवली. गिटार टेबलावरच, तारांशिवाय, नव्या पिकअपसकट.

"ताई, ही राहिली," मी म्हटलं. "घेऊन जा… तुमचा भाऊ आहे तो. तुमच्या घरी न्या."

ती तिसऱ्या पायरीवर थांबली.

"मी नेऊन काय करू, मामा?" ती म्हणाली. "माझ्याशी तो एक अक्षर बोलला नाही. विचारतोय तो तुम्हाला. द्या उत्तर."