आहे, पण दिसत नाही

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही.

आजवर एकालाही पटलेली नाही, आणि मी ती निदान चाळीस जणांना सांगितली आहे.

तरीही ती खरी आहे. मी प्रत्येक गोष्टीला पदरचं तिखटमीठ लावतो असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. या गोष्टीला मी मिठाचा खडासुद्धा लावलेला नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना काळोखी रात्र लागते. इथे रात्र नव्हती. दुपार होती. थंडीतली, पिवळट उन्हाची, सगळं घर पेंगत असतं तशी.

चार वाजून दहा मिनिटं.

वेळ लक्षात ठेवा.

काल ही गोष्ट पुन्हा सांगायची पाळी आली. आमच्या वरच्या मजल्यावर दातांची एक डॉक्टरीण राहायला आली आहे. साडेतीनच्या सुमाराला ती आपला कॉम्प्युटर लेकरासारखा उचलून खाली आली. जिना उतरून धाप लागलेली, चेहरा रडवेला.

"काका, नवा मदरबोर्ड टाकून घेतला, आणि माझ्या दोन्ही जुन्या ड्राइव्ह गायब झाल्या. सगळ्या पेशंटचे एक्स-रे आहेत हो त्यात. तुम्ही पूर्वी हेच काम करायचात ना?"

"करायचो. आता हात लावत नाही."

"का?"

"बसा, सांगतो. तो पंखा मात्र राहू द्या चालू."

"एवढ्या गारठ्यात?" तिने ओढणी कानांवर घेतली.

"त्यांना पंखा लागतोच," बायको म्हणाली. ती जमिनीवर बसून मटार सोलत होती. "नऊ वर्षं झाली. बारा महिने. मी स्वेटर घालते आणि गप्प बसते."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि घसा खाकरला.

"माझा एक साडू आहे."

बायकोच्या हातातली शेंग क्षणभर तशीच राहिली. मग तिने ती सोलली.

साडूचा धंदा माझाच, कॉम्प्युटर दुरुस्तीचा. त्याला सगळे पेचकस म्हणायचे. जिन्याखाली एक खोली, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर स्क्रूचे डबे, एवढंच त्याचं दुकान. पण कान असा, की बंद पेटीला कान लावून आतला आजार सांगायचा. पंख्याचं बेअरिंग वाजतंय, ड्राइव्हची सुई घासतेय, सगळं नुसतं ऐकून. आणि गर्व? तो तर दुकानात मावायचा नाही.

एका दुपारी त्याच्याकडे भूगोलाचे मास्तर आले. निवृत्त, काटकुळे, कोटाचं एक बटण तुटलेलं. टॅक्सीतून येताना कॉम्प्युटर मांडीवर धरून आणलेला.

मास्तरांची बायको जाऊन चार महिने झाले होते.

बाई आंधळ्या मुलांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायच्या. अकरा वर्षं. रोज समोरच्या शाळेचा गोंगाट पांगला की बसायच्या. चार वाजून दहा मिनिटांनी. आधी माइकवर बोटाने दोन टिचक्या मारायच्या...

टक. टक.

मग एक श्वास. आणि मग वाचन.

ज्या संस्थेसाठी वाचायच्या ती मधेच बंद पडली. बाई थांबल्या नाहीत. "कुणीतरी ऐकेल," म्हणायच्या.

"बोर्ड जळलाय म्हणे," मास्तर पेचकसला म्हणाले. "जळू दे. तिचा आवाज तेवढा काढून द्या. दुसरीकडे कुठेच नाही हो तो. घरातल्या माणसाचा आवाज कोण जपून ठेवतं?"

"संध्याकाळी न्यायला या, मास्तर," पेचकस म्हणाला. "हा काय, हातचा मळ आहे."

त्याने नवा बोर्ड बसवला. त्याच्यावर च्युइंगगमच्या कांडीएवढी एक नवी ड्राइव्ह खोचली, हल्ली मिळते ती. बाईंची जुनी ड्राइव्ह वायरीने जोडली. बटण दाबलं.

पडद्यावर कांडी दिसली.

बाईंची ड्राइव्ह दिसली नाही.

वायर बदलली. नाही. पॉवरची पिन बदलली. नाही. शेवटी त्याने ड्राइव्हला कान लावला. आत चकती छान फिरत होती. एकसारखी. आणि मग...

टक. टक.

चकती फिरत राहिली. पुढे काही नाही.

"सुई अडकत असेल," तो स्वतःशीच पुटपुटला. सहज घड्याळाकडे नजर गेली.

चार वाजून दहा मिनिटं.

"योगायोग," डॉक्टरीण म्हणाली.

"तोही हेच म्हणाला. पण घड्याळावरून नजर हटेना त्याची."

त्याने बोर्डाची पुस्तिका काढली. मागच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या जागी कांडी बसवली, की बोर्डावरचे पाच आणि सहा नंबरचे पोर्ट बंद पडतात. जागा एक आणि बसणारे दोन. नवा आला की जुन्याने उठायचं. आणि पेचकसने बाईंची ड्राइव्ह नेमकी पाच नंबरला लावलेली.

"माझ्याही कॉम्प्युटरमध्ये ती कांडी बसवलीय," डॉक्टरीण पुढे सरकली. "म्हणजे माझ्या ड्राइव्ह पण..."

"पाच-सहामध्येच असतील. घरी जाऊन एक आणि दोन नंबरला लावा. दिसतील. पण पुढचं ऐकून जा."

पेचकसने वायर एक नंबरला लावली. बोर्डाने ड्राइव्ह ओळखली. इतका आनंद झाला त्याला, की शीळ घालत तो पेटीची झाकणं लावायला लागला. तेवढ्यात पडद्यावर एक चौकट आली.

ही डिस्क अनोळखी आहे. वापरण्यासाठी तयार करायची का?

तयार करायची म्हणजे कोरी करायची. नव्या ड्राइव्हला 'हो' म्हणतात. पेचकसने आयुष्यात हजार वेळा म्हटलं असेल. हो, पुढे, पुढे, झालं. चार टिचक्या, डोळे मिटून. पण भरलेल्या ड्राइव्हला 'हो' म्हणायचं नसतं. तिथे चौकट बंद करायची आणि हात मागे घ्यायचा. या धंद्यातला पहिला धडा आहे तो.

"मग?"

"मग काय. पेचकसचे दोन्ही हात पेटीवर होते. एका हातात स्क्रू, एका हातात स्क्रूड्रायव्हर. माउस टेबलाच्या त्या टोकाला. आणि..."

टक.

टक. टक.

टक.

"हो. पुढे. पुढे. झालं."

"आपोआप?"

"आपोआप."

"माउसला हातही न लावता?"

"हातात स्क्रू होता म्हटलं ना, डॉक्टरबाई."

"माझे पेशंट पण असंच सांगतात, काका. गोडाला शिवत नाहीत म्हणे. दात आपोआप किडतात."

एरवी असल्या टोमण्याला बायको पहिली हसते. काल ती हसली नाही. नुसते मटार ताटात पडल्याचे आवाज.

ड्राइव्ह दिसायला लागली. स्वच्छ. पांढरी. रिकामी.

अकरा वर्षांतलं एक अक्षर नाही.

पेचकसने होते नव्हते ते सगळे उपाय केले. गेलेलं परत काढणारे जेवढे म्हणून प्रोग्रॅम होते, तेवढे लावले. तीन दिवस दुकानातून हलला नाही. चौथ्या दिवशी आतली सुईच बसली. ड्राइव्हच मेली.

"आणि मास्तरांना काय सांगितलं?"

मी पाणी प्यायलो. इथे मी नेहमी पाणी पितो.

"सांगितलं, की ड्राइव्ह दिसत नाही. नव्या बोर्डाला ती ओळखूच येत नाही."

"पण ती तर कोरी झाली होती."

"हो."



मास्तर खूप वेळ कोटाच्या तुटक्या बटणाचा दोरा ओढत उभे होते. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"म्हणजे आहे," ते म्हणाले. "आहे, पण दिसत नाही."

"हो, मास्तर."

"मग आमच्या घरातल्यासारखंच झालं की." आणि ते चक्क हसले. "राहू दे तुमच्याकडे. कधी दिसली तर कळवा."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मास्तर यायचे. दारातूनच विचारायचे, आत येऊन तसदी द्यायचे नाहीत.

"दिसली का?"

"अजून नाही, मास्तर."

"काही घाई नाही. वाचत असेल."

अशी दोन वर्षं. मग एका शनिवारी ते आले नाहीत. पुढच्या महिन्यातही नाहीत. त्यांच्या शेजाऱ्याने येऊन सांगितलं, मास्तर गेले. त्याला आता नऊ वर्षं झाली.

निरोप आला त्याच दुपारी पेचकस घरी एकटा बसला होता. ड्राइव्ह माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. ना वायर, ना वीज. मेलेलं लोखंड.

घरात सगळं शांत. आणि माळ्यावरून...

टक. टक.

त्याने शिडी लावली. डबा उघडला. ड्राइव्ह गार होती. हातात धरून बसून राहिला. काही झालं नाही. त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि डबा परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी, चार वाजून दहा मिनिटांनी, पुन्हा.

टक. टक.

आणि मग, अगदी हळू, कुणीतरी वाचायला सुरुवात करण्याआधी घेतं तसा... एक श्वास.

आणि मग काही नाही.

"सगळ्यात वाईट तेच आहे," मी म्हणालो. "टिचक्या येतात. श्वास येतो. पुढे वाचायला काही उरलेलंच नाही. रोज कुणीतरी बसतं, सुरुवात करतं, आणि शोधत राहतं."

डॉक्टरिणीने हात दंडांवर चोळले.

"फेकून का देत नाहीत ते?"

"मास्तरांनी ठेवायला दिली होती ना. दुसऱ्याची ठेव फेकतात होय?"

"मग त्या वेळी काय करतात तुमचे साडू? रोज ऐकत बसतात?"

"छे. काहीतरी चालू ठेवतो. घरघर करणारं काहीतरी. म्हणजे..." मी थांबलो. "आता बरंच कमी झालंय म्हणतो तो. सवय झालीय. तुम्ही आपल्या वायरी बदला. आणि चौकट आली, तर आधी वाचा. हात सवयीचा असतो, त्याला डोळे नसतात."

"म्हणजे हात होता तर माउसवर," डॉक्टरीण म्हणाली.

मी पुन्हा पाण्याचा पेला उचलला.

मटार पडायचा आवाज थांबला होता. तो केव्हा थांबला ते मला कळलंच नाही.

बायकोने ताट बाजूला सारलं. गुडघ्यावर हात टेकून उठली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग वर, माळ्याकडे. आणि बटणापाशी जाऊन तिने पंखा बंद केला.

"अगं, काय करतेस?"

"ऐकू दे तिलाही. नऊ वर्षं मी एकटीच ऐकतेय. पंख्याने माझे कान बंद झाले असं वाटलं की काय तुम्हाला?"

पाती मंदावत गेली. घरघर विरली. माझ्या घरातली अशी शांतता मी नऊ वर्षांत ऐकली नव्हती.

चार वाजून नऊ मिनिटं झाली होती. सेकंदकाटा चढत होता.

"काकू," डॉक्टरिणीने अगदी हळू विचारलं, "साडू म्हणजे तुमच्या बहिणीचे मिस्टर ना?"

"हो गं," बायको म्हणाली. तिची नजर माळ्यावरच होती. "आणि मला बहीण नाही."