उजवा मागचा सड

"सात वर्षांत माझ्या गोठ्यात रोग शिरला नव्हता," मालकीणबाई म्हणाल्या. "आता एकदम चार गाईंना कासदाह, कास सुजायचा रोग. माझा संशय धारवाल्या मामांवर आहे. संध्याकाळची धार झाली की त्यांना कायमचं घरी पाठवणार. त्याआधी पुरावा शोधा, ताई."

ताई खासगी तपासाचा व्यवसाय करत. त्यांच्या बहिणीचे यजमान, भाऊजी, वही घेऊन मागे फिरत. दोघांनी फाटकाशी गोठ्याचे बूट चढवले, औषधाच्या पाण्यात पाय बुडवले. भाऊजींच्या पायात बूट शिरेना.

"पाय घरी ठेवून यायचे होते," ताई म्हणाल्या.

आजारी गाई शेजारी शेजारी नव्हत्या. मात्र चौघींच्या कासेचा उजवा मागचा सडच सुजला होता. भाऊजींनी लिहून घेतलं. डोक्यात काही शिरलं नाही.

मामा ताठ उभे होते. "गाय बदलली की हातमोजे बदलतो, फडकं बदलतो. चारही सड धुतो, चारही पिळतो. नुकतीच आणलेली नवी गाय पलीकडे वेगळी बांधलीय. तिकडे मी फिरकत नाही. हा नियम मीच घालून दिलाय."

नव्या गाईची धार काढणाऱ्या मावशी वैतागलेल्या होत्या. "मी तिकडच्या तिकडे घरी जाते. मोठा गोठा आतून बघितलासुद्धा नाही. रोज सकाळी बाई तेवढ्या येतात, एक धार हातावर घेऊन बघतात, बूट बदलून जातात."

ताईंनी त्या गाईचं थोडं दूध बाटलीत घेतलं.

पेंड आणणारा ड्रायव्हर हसला. "मला आत घेतात कुठे? चहासुद्धा फाटकावरून मिळतो."

"मग मामाच," भाऊजी कुजबुजले. "सडाला हात लावणारे तेच एकटे."

ताई मालकीणबाईंकडे वळल्या. "पाहुण्यांना दाखवता तशी एखादी गाय आम्हालाही दाखवा की."

बाईंचा चेहरा खुलला. "एरवी त्या चौघीच दाखवते, माझ्या मानाच्या. आज ही बघा. दुधाचा दाटपणा बघा." मधल्या वाटेवरूनच त्या गाईच्या मागे वाकल्या. हात सडाला लागणार, तोच ताईंनी मनगट धरलं.

"कुठल्या सडाकडे चालला होता हात?"

बाईंनी पाहिलं. उजव्या, मागच्या.

ताईंनी सगळ्यांना बोलावलं. "रोग शेजारून पसरता तर शेजारच्या गाई आधी पडल्या असत्या. मामांकडून पसरता तर कुठलाही सड बिघडला असता. चौघींचा तोच सड म्हणजे मागे उभं राहून, उजव्या हाताने, एकच सड पिळणारं कुणीतरी. तेही फक्त मानाच्या गाईंचा, नव्या गाईला हात लावून आल्यावर."

"पण नव्या गाईचं दूध पांढरंशुभ्र आहे," बाई म्हणाल्या.

"डोळ्यांना." ताईंनी बाटलीतल्या दुधात तपासणीचं औषध मिसळलं. दूध घट्ट, चिकट झालं. "रोग तिच्यात लपलेला होता. सकाळी तिची धार, मग पाहुण्यांसमोर या चौघींची. बूट तुम्ही बदललेत, बाई. हात तेच राहिले."

भाऊजींची पेन्सिल थांबली. बाई आता ताईंनाच बाहेर काढणार, असं त्यांना वाटलं.

बाई सरळ मामांपुढे गेल्या. "मामा, रोग मी आणला. हे सगळ्यांदेखत सांगते. तुम्ही कुठेही जायचं नाही. उद्यापासून आत येताना माझेही हात तुम्ही तपासायचे."

मामांनी मान वाकवली नाही. "उद्या कशाला? दाखवा."

बाईंनी हात पुढे केले. मामांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"अंगठी काढा, नखं कापा. मग या आत."

बाई फाटकाकडे निघाल्या.