अर्ध्या जिभेचा कबुलीजबाब

दवाखान्यातली खुर्ची अडकली होती, आणि खुर्चीत वकील अडकले होते — डोकं खाली, बूट वर. दातांची डॉक्टरीण पेडल दाबून दाबून थकली होती. तेवढ्यात खुर्च्या दुरुस्त करणारा मेकॅनिक आला आणि दारातच थबकला.

"नमस्कार, वकीलसाहेब. अशिलांना उलटं टांगताय की काय हल्ली? मग आधी स्वतः करून बघितलंत, हे बरं केलंत."

डॉक्टरीण फिस्सकन हसली. खरं तर हसायला नको होतं. याच वकिलांनी तिला लग्नाची मागणी घातली होती, आणि तिचं उत्तर अजून यायचं होतं. मेकॅनिकनं ते हसू ऐकलं मात्र, गडी कामातून गेला.

खुर्ची त्याच दिवशी नीट झाली, तरी तो येत राहिला. कधी तेल घालायला, कधी स्क्रू आवळायला, कधी नुसतंच "ती बरी आहे ना?" विचारायला. ती म्हणजे खुर्ची नव्हे, हे काउंटरवर बसणाऱ्या तिच्या आत्याला पहिल्याच खेपेला कळलं होतं.

बोलण्यात पठ्ठ्या कुणाला हार जायचा नाही. पण जमेच्या बाजूला काय? बोलणं डोंगराएवढं, सांगितलेलं शून्य. भीती वाटली की तो विनोद करी, आणि डॉक्टरीणबाईंसमोर त्याला सतत भीती वाटे.

त्यातूनच घोटाळा झाला. एका दुपारी हातमोजे काढता काढता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "वकिलांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय... काय देऊ?"

त्याचं तोंड सवयीनं सुरू झालं.

"आधी त्यांचे दात मोजून घ्या. वकील आहेत, दोन-चार जास्तच निघतील."

तिनं मोजे टोपलीत टाकले. "आत्या, पुढचा पेशंट पाठव."

तेव्हापासून त्याची अक्कलदाढ ठणकायला लागली. अक्कल यायला उशीर झाला की दाढेलाच पुढाकार घ्यावा लागतो. शुक्रवारी सकाळी सुजलेला गाल धरून तो त्याच खुर्चीत आडवा झाला.

"भीती वाटतेय?" तिनं विचारलं.

"छे. खुर्ची मी दुरुस्त केलीय, तेवढीच काय ती काळजी."

ती हसली नाही. सुई टोचली, आणि औषध चढायची वाट बघत खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर आत्या फोनवर बोलत होती, "हो हो, वकीलसाहेब... थांबा ना जरा, एवढी एक दाढ निघाली की ती तुमच्याशी बोलेल."

तो ताडकन उठून बसला. एक विनोद घशातून वर आला, ओठापर्यंत पोचला — आणि ओठ तर जागेवरच नव्हता.

"डॉख्थर... नखा देऊ."

"काय नका देऊ? इंजेक्शन देऊन झालं."

"होखार."

ती वळली. मास्कच्या वर डोळे तेवढे दिसत होते, आणि ते काही केल्या वाचता येईनात.

"जीभ ताळ्यावर येऊ द्या," ती म्हणाली. "मग बोला नीट."

त्यानं जोरजोरात मान हलवली. "आली खी फुन्हा विनोद खरीन. आथ्ता जमत नाहीये... आथ्ताच खरं बोलू द्या. माझं थुमच्यावर फ्रेन आहे."

"फ्रेन?"

"फ्रे... फ्रेन." त्याचे डोळे भरून आले. "खळलंय थुम्हाला. छळू नखा."

दार ढकलून आत्या आत आली. फोनवर तळहात दाबलेला. "अगं, ते थांबायलाच तयार नाहीत. काय सांगू?"

"नाही म्हणून सांग. नीट सांग, त्यांना वाईट वाटेल."

"आणि कारण?"

"कारणाला नीट बोलता येत नाहीये अजून."

आत्यानं कारणाकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, सुस्कारा सोडला, आणि दार ओढून घेतलं.

डॉक्टरिणीनं त्याला मागे रेलायला लावलं, तोंड उघडायला लावलं आणि गालात कापसाचा बोळा ठेवला.

"आता मी बोलते. त्या दिवशी मी तुमचा सल्ला मागत नव्हते. तुम्ही 'नको' म्हणावं म्हणून विचारत होते. एवढा एक शब्द बोलला असतात, तर इतके दिवस माझी झोप तरी उडाली नसती."

बोळ्याआडून तो काहीतरी पुटपुटला. एक अक्षर लागेल तर शपथ.

"हो," ती म्हणाली, आणि पकड उचलली. "माझंही."