तिसरा पांढरा बिल्ला

सूप गार झालं तरी प्राध्यापक जेवायला आले नाहीत. त्यांची धाकटी बहीण खाली त्यांच्या केबिनमध्ये बघून आली आणि जिन्यातच मटकन बसली.

"दादा बोटीवर नाहीये," ती म्हणाली.

शिडाच्या बोटीवर लपायला जागा ती किती? कप्तानाने पाच मिनिटांत दोरखंडांच्या पेट्यासुद्धा उघडून पाहिल्या. बहात्तर वर्षांचा माणूस, हृदयाचा त्रास, आणि जमीन पाऊण तास मागे पडलेली. फोन उशाशी पडला होता.

ऐतिहासिक जागा बघायच्या आणि किनाऱ्याकिनाऱ्याने शिडाच्या बोटीतून फिरायचं, अशी ही चार दिवसांची सहल होती. पाहुणे सहा, सातवा गाइड. त्या सहांत वहिनी होत्या. एकवीस वर्षं खासगी तपासाचं ऑफिस चालवून त्यांचा जीव विटला होता, म्हणून त्या दिराला घेऊन सुट्टीवर आल्या होत्या. दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करायचे, त्यामुळे दोन दिवसांत सगळी बोट त्यांना वहिनीच म्हणू लागली.

"झाली सुट्टी," भावजी पुटपुटले.

कप्तानाने बोट वळवली, शिडं उतरवली आणि इंजिन लावलं. वारा नेमका समोरून येत होता. बोट आपटत, कुरकुरत पुढे सरकत होती. वायरलेसवर कळलं की बचावबोट दोन तास लांब आहे.

"किल्ल्यावरच राहिले असणार," कप्तान म्हणाला. "शेवटचे तिथेच उतरलो होतो. दीड तासात पोचू."

"पण त्यांचा बिल्ला पांढरा होता, काका," सुकाणूवरची त्याची पुतणी म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता.

शिडीपाशी एक पाटी होती. पाटीवर सात खिळे, प्रत्येक खिळ्याला नावाचा लाकडी बिल्ला. उतरताना आपला बिल्ला लाल बाजूने फिरवायचा, परत आलं की पांढऱ्या बाजूने. सगळे पांढरे झाले की पुतणी दोर सोडायची. डोकी मोजायची पद्धत या बोटीवर नव्हती. बिल्ल्यांवर सगळ्यांचा इतका विश्वास होता.

"म्हणजे तो कुणीतरी दुसऱ्यानेच फिरवला," वहिनी म्हणाल्या. "भावजी, चला. बसून काय करणार?"

वहिनींची चिडचिड मुख्यतः स्वतःवर होती. किल्ल्यावर त्याही गेल्या होत्या. पण गाइडचं तेच ते ऐकायचा कंटाळा आला म्हणून एकट्याच तटावर जाऊन बसल्या. म्हातारा आपल्यात आहे की नाही, हे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

आधी बहीण. ती सकाळपासून बोट लागून आडवी होती.

"दादाची गोळी माझ्या पर्समध्ये असते. साडेनऊला तो येतो, पाणी मागतो, मला चार शब्द ऐकवतो आणि घेतो. आज आलाच नाही. पहाटे आमचं वाजलं होतं ना, वाटलं रुसून वर बसलाय." ती रडू लागली. "मी उठून गेले असते तर काय झालं असतं हो?"

"साडेनऊला आपण कुठे होतो?" वहिनींनी बाहेर येऊन विचारलं.

"दीपगृहाचा खडक सोडून किल्ल्याकडे निघालो होतो," भावजींनी सांगितलं. "आठला खडक, नऊला निघालो, दहाला किल्ला. पण वहिनी, आपण गोळीच्या मागे कशाला लागलोय? बिल्ल्याचं बघा."

"बघतेय."

फोटोग्राफर पुढच्या टोकाला कठडा धरून उभा होता. "किल्ल्यावर पाहिलं की त्यांना. शिलालेखापाशी. पाठमोरे होते, पिवळी टोपी घालून."

पिवळ्या टोप्या सहल कंपनीने सातही जणांना वाटल्या होत्या. भावजींच्या डोक्यावरही तीच होती, जरा लहान होत असलेली.

प्रकाशकबाई टेबलाशी बसून वहीचं एकच पान पुन्हा पुन्हा उलटत होत्या. गाइडचं या किल्ल्याबद्दलचं पुस्तक त्या छापणार होत्या, त्यासाठीच सहलीला आल्या होत्या.

"शिलालेखासमोर मीच उभी होते, टोपी घालून. ऊन केवढं होतं. गाइडनी शिलालेखातल्या सालाचा सगळा हिशोब इतका छान समजावला, वीस मिनिटं कुणी मध्ये एक शब्द बोललं नाही. प्राध्यापक? ते वर बुरुजावर गेलेत, असं गाइड म्हणाले."

"काल जेवताना प्राध्यापक तुम्हाला काही म्हणाले होते ना?"

"हो. उद्या त्या शिलालेखापाशी उभा राहून तुम्हाला या सालाबद्दल सांगायचंय, म्हणाले. मग राहूनच गेलं."

गाइड मागच्या बाजूला होता. चाळिशीचा, बोलका माणूस, पण आत्ता घड्याळाचा पट्टा उघडत-लावत बसला होता.

"किल्ल्यावर होते ना ते," तो लगेच म्हणाला. "शिलालेखापाशी दहा मिनिटं माझ्याशी हुज्जत घातली. साल चुकीचं म्हणे. डोकं खाल्लं माझं. मग गेले वर. तिथेच सापडतील, काळजी करू नका."

"मी कुठे करतेय?" वहिनी म्हणाल्या.

आता सुकाणू कप्तानाच्या हातात होतं. पुतणी दुर्बीण लावून उभी होती.

"किल्ल्यावर मंडळी उतरल्यावर तू पाटी पाहिली होतीस?"

"हो. चार लाल, तीन पांढरे. ताई बोट लागून खाली झोपल्या होत्या आणि भावजी मागे पाय वर करून गळ टाकून बसले होते."

"घोटा दुखत होता माझा," भावजींनी खुलासा केला. "आणि एकही मासा लागला नाही, हे कुणी विचारू नका."

वहिनींनी विचारलं नाही. त्या कप्तानाकडे वळल्या. "दर सहलीत किल्ला आधी आणि खडक दुपारी तीनला, असं तुमच्या कागदावर छापलंय. आज उलटं का केलं?"

"आज मोठं उधाण आहे. एरवी तीन वाजता त्या खडकावर कोरड्या पायांनी हिंडता येतं. आज अडीचला दीपगृहाच्या पायऱ्यासुद्धा पाण्यात जातील. दार तर कुलूपबंद." कप्तानाने समोर बोट दाखवलं. "ते बघा, सरळ किल्ला, डावीकडे खडक."

वहिनींनी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

"सगळ्यांना इथे बोलवा. आणि बोट डावीकडे घ्या."

"वहिनी, किल्ला सरळ आहे. खडकावर जाऊन हात हलवत आलो तर किल्ल्यावर पोचायला साडेतीन होतील. तोवर त्यांचं काही झालं तर?" कप्तानाने विचारलं.

"किल्ल्यावर ते कधी गेलेच नाहीत. तुम्ही वळवा, मी बोलते."

कप्तान क्षणभर घुटमळला, मग त्याने सुकाणू फिरवलं. बोट एका अंगावर कलली. सगळे मिळेल ते धरून उभे राहिले.

"किल्ल्यावर तीन बिल्ले पांढरे होते," वहिनी म्हणाल्या. "बोटीवर राहिले दोघं. ताई आणि भावजी. तिसरा पांढरा कोणाचा? लाल चार म्हणजे मी, फोटोग्राफर, प्रकाशकबाई आणि गाइड. प्राध्यापकांचा बिल्ला किल्ल्यावर लाल झालाच नाही."

"मी चार दिवस तीच पाटी बघतोय," भावजी हताशपणे म्हणाले.

"ते बोटीवरही नव्हते. साडेनऊला गोळीला आले नाहीत. म्हणजे खडकावरून ते परत चढलेच नाहीत, त्यांच्या वाटचा बिल्ला कुणीतरी फिरवला."

"समुद्रात पडले असतील तर?" फोटोग्राफरने दबक्या आवाजात विचारलं.

"तसं असतं तर कुणाला खोटं बोलायची गरज नव्हती. तुम्ही पाहिलीत ती टोपी प्रकाशकबाईंची. राहिले गाइड. प्रकाशकबाई म्हणतात, शिलालेखापाशी कुणी एक शब्द मध्ये बोललं नाही. गाइड म्हणतात, प्राध्यापकांनी तिथेच दहा मिनिटं हुज्जत घातली. जो माणूस तिथे नव्हता, त्याच्याशी हुज्जत झाली असं सांगायचं तर तो कुठे आहे हे ठाऊक हवं."

गाइड हसल्यासारखं करत होता. "काहीतरीच. माझा काय संबंध?"

"पुस्तकाचा संबंध. काल जेवताना प्राध्यापकांचं बोलणं तुम्हीही ऐकलंत. प्रकाशकबाईंसमोर ते तुमचं साल खोडतील, अशी भीती वाटली तुम्हाला. म्हणून त्यांना खडकावर ठेवलंत. चार वाजता मुक्कामाला परतताना बोट तिकडूनच जाणार, तेव्हा उचलू, चुकून राहिले म्हणू. तीन वाजता तो खडक कोरडा असतो, हे तुम्ही शंभर वेळा पाहिलंय."

"असतोच," गाइडच्या तोंडून निघून गेलं.

"आज उधाण आहे," वहिनी म्हणाल्या. "अडीचला पायऱ्या बुडणार. कप्तानांनी आज फेरी उलटी का घेतली, हे तुम्ही विचारलंसुद्धा नाही."

गाइडचा चेहरा पडला. त्याने खडकाकडे पाहिलं, कप्तानाकडे पाहिलं. "मागच्या बाजूला कोरीवकाम आहे, निघायला अजून तास आहे, एवढंच सांगितलं मी," तो म्हणाला. "त्यांना काही करायचं नव्हतं मला. आई शप्पथ नव्हतं. बोट वळवली तेव्हाच बोलणार होतो. मग वाटलं, किल्ल्यावर शोधतील, चार तर वाजतीलच..."

"तासभर," बहीण म्हणाली. "तासभर तुम्ही गप्प राहिलात. माझ्याशेजारी येऊन बसलात, मला पाणी आणून दिलंत."



खडक जवळ आला तेव्हा सव्वादोन झाले होते. खडक कसला, पाण्यातून वर आलेलं दीपगृह आणि त्याच्या चार पायऱ्या. सगळ्यात वरच्या पायरीवर, दाराला पाठ लावून, पिवळी टोपी घातलेला माणूस उभा होता. लाटा त्याच्या गुडघ्यांवर फुटत होत्या.

धक्का पाण्याखाली गेला होता. कप्तानाने होता होईल तेवढी बोट जवळ नेली आणि पुतणीने लांब फळी पायरीपर्यंत सरकवली. तिने दोर कमरेला बांधायच्या आतच गाइड फळीवरून धावला. शेवटी घसरला, कमरेइतक्या पाण्यात पडला, उठला आणि प्राध्यापकांचा दंड त्याने दोन्ही हातांनी धरला.

म्हातारा थरथरत होता, ओठ निळे पडले होते, पण शुद्धीत होता.

"आलात?" प्राध्यापक त्याला म्हणाले. "मी कोरीवकाम बघत बसलो, वेळेचं भानच राहिलं नाही. माझीच चूक. पण तो शिलालेख... दाखवलात ना बाईंना?"

"हो."

"साल बरोबर आहे तुमचं. मी वीस वर्षं चुकीचं शिकवत आलो. ते तिथे उभं राहून माझ्या तोंडाने बाईंना सांगायचं होतं हो."

पुतणीने दोर टाकला. प्राध्यापक तो धरून, एकेक पाऊल टाकत, स्वतःच्या पायांनी फळी चढून आले. गाइडला मात्र कप्तान आणि भावजींनी दोन्ही खांद्यांना धरून आणावं लागलं.